व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी

भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीची जी आकृती असते, ती आपणां सर्वांच्या चांगल्या परिचयाची आहे. मधोमध शंकूसारखा डोंगर, त्याच्या पोटातून वर येणारी नळी आणि माथ्यावर धुराचा लोट! वहीत ती आकृती काढताना आपण लाल रंग सढळ हाताने वापरतो. परंतु त्या आकृतीत एक गोष्ट कधीच दाखविलेली नसते. ती म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेली घरे. वास्तविक ज्वालामुखीचा विचार माणसाला करावा लागतो तो या घरांमुळेच. निर्जन बेटावर एखादा डोंगर पेटला, तर तो केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय होतो. तोच डोंगर एखाद्या गजबजलेल्या शहराच्या वेशीवर उभा असला, म्हणजे मात्र तो लाखो माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. असा एक डोंगर आणि असे एक शहर इटलीच्या दक्षिण भागात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. डोंगराचे नाव व्हेसुव्हियस आणि शहराचे नाव नेपल्स.

नेपल्स हे भूमध्य समुद्राच्या एका रमणीय उपसागराच्या काठी वसलेले फार प्राचीन बंदर. शहराची लोकवस्ती नऊ लाखांच्या आसपास. आणि त्याला लागून असलेली गावे व उपनगरे हिशेबात घेतली, तर ती तीस लाखांच्या घरात जाते. शहराच्या पूर्वेस, पंधरा किलोमीटरांच्या आतच, व्हेसुव्हियसचे मुख आहे. त्याची उंची सुमारे १,२८१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही तो ठेंगणा. तेव्हा उंचीमुळे कोणी त्याला भ्यावे असे काही नाही. त्याचे भय त्याच्या पोटात आहे.

ते भय नीट समजावे म्हणून पोटात काय चालते ते प्रथम पाहू. आफ्रिकेचा भूखंड युरोपाकडे अत्यंत मंद गतीने सरकत असतो आणि या रेटारेटीत पृथ्वीच्या कवचाचे काही भाग खाली दबले जातात. तेथे खोलवर खडक वितळून जो रस तयार होतो, त्याला आपण शिलारस म्हणतो. या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. गोटीच्या सोड्याची बाटली ज्यांनी फोडली आहे, त्यांना पुढचा प्रकार सांगावयास नको. गोटी घट्ट बसलेली असते तोवर पाणी कसे निवांत दिसते! अंगठ्याने गोटी आत ढकलली, की दाब सुटतो आणि फसफसून सारे वर येते. भूगर्भातही दाब कमी झाला, की वायूचे बुडबुडे होतात व ते शिलारसाला वर रेटतात.

परंतु सगळेच ज्वालामुखी सारखे नसतात. चुलीवर पाणी उकळते तेव्हा बुडबुडे सुखासुखी फुटून जातात. पिठले रटरटू लागले म्हणजे मात्र हातावर चटके बसतात, कारण दाट पदार्थातून वाफ सहजासहजी सुटत नाही. हवाई बेटांवरील शिलारस पातळ आहे; तो बहुधा ओघळून वाहतो. व्हेसुव्हियसचे मोठे उद्रेक घडविणारा शिलारस दाट व वायूंनी भरलेला असतो. त्याची वाट कोंडली गेली, तर आत दाब साठत जातो. आणि अखेरीस कोंडी फुटते तेव्हा शिलारसाचा अक्षरशः चुरा होऊन राख व सच्छिद्र दगड यांचा स्तंभ कित्येक किलोमीटर उंच आकाशात उसळतो. म्हणूनच या डोंगराच्या बाबतीत फार दीर्घ शांतता हे शुभलक्षण मानता येत नाही.

इ. स. ७९ मध्ये नेमके हेच घडले. त्या काळी व्हेसुव्हियसच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि डोंगर पुन्हा पेटेल असे पायथ्याच्या लोकांच्या स्वप्नातही नव्हते. त्यापूर्वी सुमारे सतरा वर्षे आधी मोठा भूकंप होऊन पाँपेई शहराची बरीच पडझड झाली होती. पण त्या भूकंपाचा डोंगराशी काही संबंध असेल, हे कोणाला उमगावे? लोक घरे दुरुस्त करण्यात गुंतले. मग एके दिवशी दुपारी डोंगरावर प्रचंड ढग उभा राहिला. उपसागराच्या पलीकडे, सुमारे तीस किलोमीटरांवरील मिसेनम येथून, सतरा वर्षांचा एक मुलगा तो ढग पाहत होता. हाच पुढे धाकटा प्लिनी म्हणून प्रसिद्धीस आला. ढगाचा आकार त्याला छत्रीसारख्या माथ्याच्या पाइन वृक्षाप्रमाणे दिसला. त्याचे मामा, थोरले प्लिनी, रोमन आरमाराचे प्रमुख असून सृष्टिविज्ञानाचे मोठे अभ्यासक होते. संकटात सापडलेल्यांना सोडविण्यासाठी ते जहाजे घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी स्टॅबीच्या किनाऱ्यावर मरण पावले. भाच्याने पुढे इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या पत्रांतून ही सारी हकीकत जगाला कळली. आजही असल्या उद्रेकाला शास्त्रज्ञ ‘प्लिनीय उद्रेक’ असेच म्हणतात. हा उद्रेक २४ ऑगस्टला झाला असे पूर्वी सर्वत्र मानीत. परंतु २०१८ मध्ये पाँपेईतील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबर महिन्यातील तिथी सापडली. तेव्हापासून तो शरद ऋतूत झाला असावा, हे मत बळावले आहे.

या उद्रेकाचे दोन टप्पे होते आणि आजच्या सर्व योजनांचा पाया या दोन टप्प्यांच्या ज्ञानात आहे. पहिल्या टप्प्यात हलक्या दगडांचा आणि राखेचा पाऊस पडला. वारा आग्नेयेकडे वाहत असल्याने तो पाँपेईवर कोसळला. पश्चिमेकडील हर्क्युलेनियमवर फारसे काही पडले नाही. राख म्हटली की आपल्याला चुलीतली भुरभुरीत राख आठवते; पण ही राख म्हणजे दगडाचे पीठ! छपरावर तिचे थर साचले की तुळया मोडतात आणि घरे आतल्या माणसांसह बसतात. तरीसुद्धा या टप्प्यात पळून जाण्यास काही तास मिळतात, आणि पाँपेईतील अनेकांनी त्यांचा उपयोगही केला असावा. दुसरा टप्पा अधिक भयंकर. आकाशातील स्तंभ स्वतःच्या भाराने ढासळतो, आणि कित्येक शे अंश उष्णतेचा वायू, राख व दगड यांचा लोंढा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने डोंगरउतारावरून धावत सुटतो. त्याच्यापुढे पळणे नाही की लपणे नाही. हर्क्युलेनियमचे लोक समुद्रकाठच्या नावांच्या कोठड्यांत आश्रयास गेले होते. तेथे उत्खननात सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. पाँपेईत हजाराहून अधिक मृतांचे अवशेष मिळाले आहेत. कठीण झालेल्या राखेत देहांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये त्यांत पातळ प्लास्टर ओतण्याची युक्ती योजिली आणि शेवटच्या क्षणीची ती माणसे पुन्हा आकारास आली. कोणी हातांनी तोंड झाकले आहे, कोणी गुडघे पोटाशी घेतले आहेत.

या गाडल्या गेलेल्या पाँपेईत आपल्याही ओळखीची एक खूण निघाली, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. १९३८ मध्ये तेथील एका घरात हस्तिदंताची, जेमतेम वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. अंगावरील भरगच्च अलंकारांवरून ती भारतीय आहे हे तत्काळ ओळखले गेले. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ असे नाव पडले. पण ती लक्ष्मीच असेल असे नाही, कदाचित यक्षीही असेल. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे तिच्याशी जुळणारे हस्तिदंती काम सापडले असल्याने ती त्या परिसरात घडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आज ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील एखाद्या कारागिराच्या हातून उतरलेली वस्तू समुद्रापार जावी, एका रोमन घराची शोभा व्हावी आणि राखेखाली जवळजवळ एकोणीसशे वर्षे निजावी, हा योगायोग केवढा विलक्षण!

त्यानंतर डोंगर अनेकदा जागा झाला आणि अनेकदा झोपी गेला. १६३१ पूर्वीची झोप इतकी दीर्घ होती, की मुखाच्या आत झाडी माजली होती व तेथे गुरे चरत असत. त्या वर्षी डिसेंबरात आधी जमीन हादरू लागली आणि १६ तारखेस डोंगर फुटला. काही हजार माणसे प्राणांस मुकली. या अनर्थानंतर नेपल्सच्या राजप्रतिनिधीने पोर्तिची गावी रस्त्याच्या कडेला एक शिलालेख बसविला. तो पुढील पिढ्यांना उद्देशून आहे. हा डोंगर आज ना उद्या पुन्हा पेटेल. पेटण्यापूर्वी तो गुरगुरतो, हादरतो. तेव्हा घरदार व चीजवस्तू यांचा मोह न धरता तत्काळ पळा, असा त्याचा आशय आहे. तो दगड अजून तेथे आहे. मौजेची म्हणावी की खेदाची म्हणावी, गोष्ट अशी की त्याच्या चहूबाजूंनी आज घरांची दाटी झाली आहे.

या डोंगराचा शेवटचा उद्रेक १९४४ च्या मार्चमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाचे ते दिवस. इटलीच्या रणभूमीवर त्या काळात मराठा रेजिमेंटचे जवानही लढत होते, हे आम्हां बेळगावकरांना सांगावयास नको. नेपल्स दोस्त सैन्याच्या ताब्यात होते. शिलारसाच्या मंद प्रवाहाने सान सेबास्तियानो हे गाव गिळले. प्रवाहाची गती कमी असल्याने लोकांना सामानसुमान हलविण्यास तेवढी सवड मिळाली. एकंदर २६ माणसे दगावली, ती बहुतेक राखेच्या भाराने छपरे कोसळल्यामुळे. जवळच्या विमानतळावरील सुमारे ८० अमेरिकन विमाने राखेखाली निकामी झाली. त्यानंतर आजतागायत डोंगर स्वस्थ आहे. मुखाच्या कडांतून वाफेच्या बारीक रेषा तेवढ्या निघत असतात.

या स्वस्थपणावर विसंबून न राहणारी एक संस्था मात्र तेथे फार पूर्वीपासून आहे. १८४१ मध्ये नेपल्सच्या राजाने डोंगराच्या उतारावरच वेधशाळा स्थापन केली. ज्वालामुखीच्या अभ्यासाला वाहिलेली जगातील ही सर्वांत जुनी वेधशाळा होय. तिचे एक संचालक लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विजेच्या साहाय्याने चालणारे भूकंपमापक यंत्र तयार केले. १८७२ च्या उद्रेकात शिलारसाचे ओघ वेधशाळेच्या दोहो बाजूंनी वाहत असता हे गृहस्थ आपली जागा सोडून गेले नाहीत. नोंदी लिहीत राहिले. याच उद्रेकात केवळ कुतूहलापोटी फार जवळ गेलेले काही तरुण विद्यार्थी प्राणांस मुकले. धैर्य आणि धाडस यांत अंतर कोठे असते, हे या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की कळते.

आता वेधशाळेचे मुख्य काम नेपल्स शहरातूनच चालते. डोंगरावर आणि भोवताली बसविलेली यंत्रे रात्रंदिवस तीन गोष्टी कळवीत असतात. पहिली, जमिनीचे हादरे. कारण शिलारस वर सरकताना खडक तडकतात. दुसरी, जमिनीची उंची. आत दाब वाढला की पृष्ठभाग फुगतो, आणि हा फुगवटा उपग्रहांच्या साहाय्याने बोटाच्या पेराहूनही कमी असला तरी मोजता येतो. तिसरी, बाहेर पडणारे वायू व त्यांची उष्णता. वैद्य जसा नाडी, ताप व श्वास पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

आणि नेपल्सला चिंता आहे ती एकाच डोंगराची नव्हे. शहराच्या पश्चिमेस ‘कांपी फ्लेग्रेई’, म्हणजे जळती शेते, नावाचा प्रदेश आहे. तेथे उंच शिखर नाही. आहे ते ज्वालामुखीचे अवाढव्य खोलगट मुख, आणि त्याच्या आत चक्क गावे वसली आहेत. वेधशाळेची नेपल्समधील इमारतदेखील याच धोक्याच्या पट्ट्यात येते! १५३८ मध्ये तेथे आठवड्याभरात एक नवी टेकडी उभी राहिली; तिचे नावच ‘मोंते नुओव्हो’, म्हणजे नवा डोंगर. तेथील पोझ्झुओली गावात रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब आहेत. पायथ्यापासून काही मीटर उंचीवर त्यांना समुद्रातील शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. जमीन खचून खांब समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले, याची ती साक्ष होय. १९८२ ते १९८४ या काळात येथील जमीन जवळजवळ १.८ मीटर वर आली, बंदर उथळ झाले, घरांना तडे गेले आणि सुमारे ४०,००० लोकांना गाव सोडावे लागले. उद्रेक मात्र झाला नाही. २००५ पासून जमीन पुन्हा वर येऊ लागली. २०१२ च्या अखेरीस येथे सावधगिरीचा पिवळा इशारा जाहीर झाला. २० मे २०२४ रोजी ४.४ आणि १३ मार्च २०२५ रोजी ४.६ प्रतीचे धक्के बसले.

येथेच खरा पेच उभा राहतो. शास्त्रज्ञ ‘डोंगर जागा होत आहे’ असे सांगू शकतात; पण ‘तो अमुक दिवशी फुटेल’ असे सांगू शकत नाहीत. लवकर हाक दिली आणि काहीच घडले नाही, तर लाखोंचा रोजगार बुडतो, मुलांच्या शाळा सुटतात आणि पुढच्या खेपेस त्या हाकेवर कोणी विश्वास ठेवीत नाही. उशिरा दिली, तर काय होते ते हर्क्युलेनियमच्या कोठड्यांत दिसले. कोलंबियात नेव्हादो देल रुइझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा आधीच तयार झाला होता; तरी १९८५ मध्ये आर्मेरो गाव वेळेवर हलविले गेले नाही आणि चिखलाच्या लोंढ्यात त्या परिसरातील सुमारे २३,००० माणसे गेली. उलट १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या वेळी इशारा मानला गेला, म्हणून हजारो जीव वाचले. ज्ञान दोन्ही ठिकाणी होते. फरक ते मानण्यात होता.

इटलीच्या शासनाने व्हेसुव्हियसच्या भोवती तांबडा पट्टा आखला आहे. त्यात २५ गावे व शहरविभाग येतात आणि सुमारे सात लाख लोक राहतात. धोक्याचा अंतिम इशारा मिळताच ७२ तासांत हा पट्टा रिकामा करावयाचा, अशी योजना आहे. पहिले १२ तास तयारीचे, पुढचे ४८ तास प्रत्यक्ष स्थलांतराचे, आणि उरलेले १२ तास मागे राहिलेल्यांसाठी व अडचणींसाठी. कोणत्या गावाने देशाच्या कोणत्या प्रांताकडे आश्रयास जावयाचे, हेही ठरलेले आहे. कागदावर हे सोपे दिसते. परंतु अरुंद गल्ल्या, म्हातारी माणसे, रुग्णालयातील आजारी, तान्ही मुले आणि सात लाखांची एकाच वेळची धांदल डोळ्यांपुढे आणली, म्हणजे त्या ७२ तासांची किंमत कळते.

मग हे लोक तेथून निघून का जात नाहीत, असा प्रश्न आमच्याप्रमाणेच वाचकांच्याही मनात आला असेल. एक उत्तर मातीत आहे. ज्वालामुखीची राख काळाने कुजून जी माती होते, ती पिकांना आवश्यक अशा द्रव्यांनी समृद्ध असते. व्हेसुव्हियसच्या उतारावरील टोमॅटो, जर्दाळू आणि द्राक्षे यांची ख्याती दूरवर आहे. ज्याने एकदा गाव गाडले, तोच डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ताट भरतो. हे आपल्याला परके वाटू नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारसाचे थरावर थर पसरून आपले दख्खनचे पठार घडले. ज्या काळ्या मातीत आपली ज्वारी व कापूस पिकतो, ती त्याच खडकाची झीज आहे. आपल्या भाग्याने तो अग्नी केव्हाच विझला. नेपल्सचा विझलेला नाही, एवढेच अंतर. दुसरे उत्तर घरात आहे. जेथे आजोबा-पणजोबा नांदले, जेथे रोजची भाकरी मिळते, ती जागा केवळ ‘कधीतरी’ येणाऱ्या संकटासाठी सोडणे कोणाला सोपे आहे? त्यांना वेडे म्हणण्यापूर्वी आपण स्वतःला हा प्रश्न विचारून पाहावा.

सुमारे चार हजार वर्षांपूर्वी व्हेसुव्हियसचा आणखी एक प्रचंड उद्रेक झाला होता. त्या वेळी ओल्या राखेतून पळालेल्या माणसांची पावले अद्याप उमटलेली सापडतात. ती डोंगराकडे पाठ करून दूर गेलेली आहेत. ती माणसे कोण होती, त्यांची भाषा कोणती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण त्यांना डोंगराची गुरगुर कळली आणि ती वेळेवर निघाली, एवढे ती पावले सांगतात. आजच्या नेपल्सजवळ यंत्रे आहेत, उपग्रह आहेत, आखून ठेवलेली योजना आहे. एका गोष्टीची उणीव मात्र कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. ती म्हणजे शांततेच्या वर्षांत धोक्याची आठवण जागी ठेवणे. पोर्तिचीच्या रस्त्यावरचा तो दगड जवळजवळ चारशे वर्षे हेच सांगत उभा आहे. येणारी-जाणारी मुले त्याच्या शेजारून रोज शाळेत जातात. त्यांतील एखादे मूल थांबून तो लेख वाचीत असेल, आणि घरी जाऊन आईला त्याचा अर्थ सांगत असेल, अशी आम्ही आशा करतो.